बावखलाच्या तळाची वाळू

वसईजवळ गिरीजला आमची वाडी होती. केळी, थोडी भाजी, बांधावर नारळ, आणि बाबांचा जीव जिच्यात अडकलेला ती पानवेल. समुद्र तिथून सायकलीवर वीस मिनिटांचा, पण वाडीतल्या माणसाचं समुद्राशी काही देणंघेणं नसतं. मासळी दारात येते, तेवढाच संबंध. बाकी खारं म्हणजे वैरी. खारं पाणी लागलं की पानवेलीचं पान आधी कडेनं करपतं, मग देठाशी पिवळं पडतं, आणि मूळ काळं पडलं की त्या वेलाचं नाव सोडायचं.

पाणी सगळं बावखलाचं. वसईबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं: बावखल म्हणजे वाडीत खणलेलं तळं, विहिरीहून रुंद, एका बाजूला पायऱ्या. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि उन्हाळ्यात तळातून झरे पाझरत राहतात. आधी त्यावर रहाट होता. माझ्या कॉलेजच्या दिवसांत रहाट गेला आणि विजेचा पंप आला. पंप आल्यावर पाणी भराभर मिळू लागलं आणि भराभर खालीही जाऊ लागलं. आमच्या पश्चिमेकडच्या वाड्यांतली एक-दोन बावखलं तेव्हाच खारी झाली होती. त्या घरांविषयी आमच्याकडे, आजारी माणसाविषयी बोलावं तसं, आवाज खाली आणून बोलत. बाबा रोज सकाळी पायऱ्या उतरून ओंजळभर पाणी तोंडात घेत, गालांत फिरवत आणि गिळत. मगच पंपाचं बटण दाबत.

अशा घरात मी समुद्र आणला.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी बी.एस्सी. होऊन शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर. घरातलीच काय, आळीतली. हे मी तेव्हा मिरवायचे, आजही मिरवते. बाबा चौथी शिकलेले, आई तेवढीही नाही. त्यामुळे पदवी आली तेव्हापासून घरातला छापील कागद माझ्याकडे यायचा. खताच्या पोत्यावरचं, औषधाच्या बाटलीवरचं, तलाठ्याचं पत्र. मी वाचायची आणि बाबा ऐकायचे. "काय म्हणतेस?" एवढंच विचारायचे आणि मी म्हणेन ते करायचे.

कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सरांच्या घरी मी खाऱ्या पाण्याची टाकी पाहिली होती. दोन हात लांब काच, आत खडक, आणि खडकावर एक समुद्रफूल. फूल म्हणतात, पण तो प्राणी. पाकळ्यांसारखे हात उघडून बसतो, मासा शिवला की मिटून घेतो. ते मी अर्धा तास पाहत उभी राहिले. पुस्तकातली आकृती मी दहा वेळा काढली होती, गुण मिळवले होते, आणि ती वस्तू अशी असते हे मला ठाऊक नव्हतं. समुद्राच्या इतक्या जवळ राहून ठाऊक नव्हतं, याचा मला राग आला. ठरवलं, आपल्या घरात ही टाकी असणार.

बाबांनी एकच अट घातली. घरी आमची बोली निराळी, ती इथे सगळ्यांना समजेल अशी करून लिहिते. म्हणाले, "ठेव. पण त्यातला एक थेंब वाडीत सांडायचा नाही. घाण पाणी जिथून आणशील तिथे नेऊन ओतायचं."

"नाही सांडणार."

"शपथ घेऊन सांग."

"बाबा, मी शिकलेली आहे. शपथ कशाला?"

ती अट मी अक्षरशः पाळली. भरतीच्या वेळी सायकलीला कॅन बांधून पाणी आणायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ टाकीत घालायचं. काढलेलं पाणी पुन्हा कॅनमध्ये भरून किनाऱ्यावर. ओसरीच्या कोपऱ्यात टाकी, टाकीखाली परात, परातीखाली गोणपाट. आई म्हणायची, "पोरीनं घरात तान्हं बाळ ठेवलंय."

पण वाळू जमेना.

सरांनी समजावलं होतं. टाकीच्या तळाशी भोकाभोकांची प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर चार बोटं वाळू, आणि हवेचा छोटा पंप पाणी वाळूतून खाली ओढून पुन्हा वर सोडतो. पाण्यातली घाण वाळूतच जिरते. "वाळू म्हणजे टाकीची आतडी," सर म्हणायचे. "बारीक घेतलीस तर तुंबेल, फार जाड घेतलीस तर खालची घाण कुजेल. ज्वारीच्या दाण्याएवढी हवी. आणि शिंपल्यांचा चुरा असलेली. पाणी आंबट होऊ लागलं की तो चुना त्याला सावरतो."

पहिल्यांदा मी आपल्या किनाऱ्याची वाळू आणली. आपली वाळू काळपट, बारीक, चिखल मिसळलेली. पाचव्या दिवशी काचेतून बघते तर वाळूच्या पोटात काळा पट्टा, आणि पाण्याला सडक्या अंड्याचा वास. दोन बोटांएवढे मासे सकाळी पोट वर करून तरंगत होते.

मासळीवाल्या मावशी अर्नाळ्याहून यायच्या. टोपली उतरवून त्यांनी टाकीत डोकावलं.

"मेले काय गो टीचरबाय?"

"मेले."

"मंग रातचे द्यायचे होते मला. कालवन तरी झालं असतं."

"मावशी, थट्टा नको."

"थट्टा कसली? आमी दर्यातून घरात येतो तं पाय धुऊन येतो. तू दर्याच घरात आनून ठेवलास. कोन करतो असं?"

दुसऱ्यांदा मी रेती आणली. शाळेत नव्या वर्गांचं बांधकाम चालू होतं आणि खाडीतून काढलेली रेती अंगणात ढिगानं पडली होती. दाणा बरोबर ज्वारीएवढा. धुऊन घातली. या वेळी काळं पडलं नाही, वास आला नाही, पण किनाऱ्यावरून खडकासकट आणलेलं समुद्रफूल उघडेना. मुठीसारखं आवळून बसलं ते बसलंच. सरांना विचारलं तर म्हणाले, "रेतीत शिंपला कुठे आहे? नुसता दगडाचा चुरा तो. पाण्याला काही देणार नाही." बाराव्या दिवशी फूल खडकावरून सुटलं आणि तळाशी लोळलं.

मग मावशींनाच दया आली. एका सकाळी मासळीच्या टोपलीत डबा भरून वाळू घेऊन आल्या. "होडीच्या खालची हाय. कोरडी, जाडी, बग कशी. शिंपल्या पन हायेत."

दिसायला हवी तशीच होती. मी पेल्यात चमचाभर घातली, पाणी ओतलं, आणि पाण्यावर रंगीत तवंग पसरला. होड्यांच्या लाकडाला मुशी माशाच्या काळजाचं तेल चोळतात, ते वर्षानुवर्षं त्या वाळूत ठिबकत आलेलं. वास माझ्या बोटांना दोन दिवस होता.

"तेल तं लावावंच लागतं," मावशी म्हणाल्या. "नायतर लाकूड कुजंल. तुज्या फुलासाठी आमी होड्या कुजवू?"

तीन वाळू झाल्या. मी हट्टाला पेटले होते. वर्गात मुलांना वाळूचे प्रकार शिकवताना माझं मलाच हसू येई, रागही येई. जाईन तिथे मी वाळू उचलून तळहातावर बघायची, रस्त्याच्या कडेची सुद्धा.

त्या एप्रिलात बावखलाचं पाणी फार खाली गेलं. दर उन्हाळ्यात गाळ उपसतात, तसा बाबांनी उपसायला घेतला. पूर्वेकडच्या पाड्यावरून चार माणसं आली. दोन दिवस काळा गाळ निघाला, घमेली भरभरून केळीच्या बुंध्यांशी गेली. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तर काठावर एक वेगळा ढीग होता. पांढरा.

मी सायकल टाकूनच धावले. वाळू होती. जाड, स्वच्छ, प्रत्येक दाणा वेगळा, आणि निम्मा भाग शिंपल्यांचा. इवलेसे शंख अख्खेच्या अख्खे. कधीतरी इथे समुद्र असणार आणि मग मागे हटला असणार. त्याची वाळू आमच्या वाडीच्या पोटात राहिली आणि गोड्या पाण्यानं कोण जाणे किती काळ धुऊन निघाली. मी दोन दाणे जिभेवर ठेवले. मीठ नाही, तेल नाही, माती नाही. मी जी वाळू पाच-सहा महिने शोधत होते ती आमच्याच पायाखाली होती.

खालून माणसांचा मुकादम ओरडला, "शेठ, झरा लागला. पुरे करायचं का?"

बाबा काठावर उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतेस?"

जमिनीबद्दल, पाण्याबद्दल बाबांनी मला तोवर कधी विचारलं नव्हतं. ते त्यांचं होतं. पण त्या दिवशी विचारलं, आणि मी एका क्षणात उत्तर दिलं. "जाड वाळूतून पाणी जास्त वाहतं बाबा. हा थर लागलाय तर आणखी दोन हात जाऊ द्या. पाणी वाढेल."

हे खोटं नव्हतं. पुस्तकात तसंच आहे. पण मला ढिगात दोनच घमेली वाळू दिसत होती आणि टाकीला चार लागणार होती. माझ्या तोंडून दोन हात निघाले ते कशामुळे, हे मला तिथे उभं असतानाच माहीत होतं.

"दोन हात आणखी," बाबांनी खाली सांगितलं.

पाणी वाढलं. असं वाढलं की चौथ्या दिवशी बावखल अर्ध्यावर आलं. बाबा काठावर बसून विडी ओढत पाण्याकडे बघत राहायचे. पूर्वेच्या बांधापलीकडचे काका येऊन बघून गेले. त्यांच्या बावखलात पाणी टाचेएवढं उरलं होतं. "एवढं पाणी कसं रे?" त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "पोरीनं सांगितलं, दोन हात खाली जा." ते म्हणताना बाबांचा चेहरा असा होता की मी बघून न बघितल्यासारखं केलं.

आणि टाकीत माझी वाळू पडली. पाणी दुसऱ्याच दिवशी काचेसारखं झालं. नवं समुद्रफूल आणलं होतं, ते तिसऱ्या आठवड्यात उघडलं. मी चहाचा कप हातात धरून उभी होते, चहा गार झाला.

मे महिन्याच्या मध्यावर एका सकाळी बाबांनी ओंजळ तोंडात घेतली, गालांत फिरवली आणि थुंकली.

पुन्हा घेतली. पुन्हा थुंकली. मी पायऱ्यांच्या वर दात घासत होते. बाबा वळले नाहीत. बराच वेळ तिथेच पाण्यात पाय घालून उभे राहिले. मग वर आले, माझ्यासमोरून गेले, पंपाकडे न जाता ओसरीवर गेले आणि टाकीसमोर उभे राहिले.

"किती सांडलंस?"

"एक थेंब नाही."

"मग कुठून आलं?"

मला खरंच माहीत नव्हतं.

"आज काढ ही," बाबा म्हणाले.

दुपारी पानवेलींमधून फिरले तर पश्चिमेच्या रांगेत पानांच्या कडा तपकिरी झालेल्या. अजून थोड्याच. एक पान मी तोडून पदराखाली लपवलं, जसं काही ते बाबांनी पाहिलंच नसेल. त्यांनी करपलेली पानं आधीच मोजली होती. संध्याकाळी पूर्वेचे काका आले आणि टाकीकडे बोट दाखवून म्हणाले, "घरात समुद्र आणून ठेवल्यावर दुसरं काय होणार? बाईंनी डिग्री घेतली, मीठ तुम्ही खा."

बाबांनी माझी बाजू घेतली नाही.

मी टाकी काढली नाही. "दोन दिवस द्या," एवढं म्हटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे पंप लावण्याआधी एका बाटलीत बावखलाचं पाणी भरलं. बाबांनी पंप लावल्यावर दोन तासांनी दुसरी बाटली. काकांच्या बावखलातून तिसरी, त्यांना न विचारता. शाळेला सुट्टी होती; शिपाईमामांकडून प्रयोगशाळेची किल्ली घेतली. सिल्व्हर नायट्रेटची आणि पिवळ्या क्रोमेटची बाटली कपाटात होती. पाण्यात जितकं मीठ जास्त, तितके त्याचे थेंब जास्त लागतात आणि मग पिवळा रंग लालसर होतो. बी.एस्सी.ला हे इतक्या वेळा केलं होतं की हात आपोआप चालत होते.

काकांचं पाणी आठ थेंबांत लाल झालं. आमचं पहाटेचं अकरा; बाबांच्या जिभेला तेवढा फरकही कळला होता. आणि आमचं पंप चालल्यानंतरचं... मी मोजत राहिले, वीस, पंचवीस, तिशी ओलांडली. चुकलं असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मी त्या लाकडी स्टुलावर बसून राहिले. वरून काही सांडलं असतं तर वरचं पाणी खारं झालं असतं. वरचं जवळजवळ गोडच होतं. पंप ओढू लागला की खालून खारं वर येत होतं. गोडं पाणी हलकं, खाऱ्यावर साय धरावी तसं बसतं. आम्ही त्या सायीतून खाली भोक पाडलं होतं. जाड वाळूतून पाणी जास्त वाहतं हे बरोबरच होतं. कोणतं पाणी, हे मी विचारलं नव्हतं.

दोन हात.

घरी येताना सायकल हातात धरून चालत आले. मला एक वाट दिसत होती आणि ती फार सोपी होती. आजच टाकी काढायची. बाबांसमोर पाणी कॅनमध्ये भरायचं, काच पुसून माळ्यावर टाकायची. वीस-पंचवीस दिवसांत पाऊस येईल, बावखल वरपर्यंत भरेल, बाबा ओंजळ घेतील आणि ती गोड लागेल. टाकी गेली, खारं गेलं. सगळ्यांचं समाधान होईल. माझा दोष होईल तो ओसरीवर सांडलेल्या चार थेंबांचा, आणि तसला दोष बाप पोरीला माफ करतो. पुढच्या उन्हाळ्यात पंप चालेल, खारं पुन्हा वर येईल, आणि तेव्हा टाकी नसेल. तेव्हा बाबा कुणाला विचारतील? मलाच विचारतील.

संध्याकाळी आम्ही तेर्साला, रोजच्या जपमाळेच्या प्रार्थनेला, बसलो. आई प्रार्थना सांगत होती, आम्ही उत्तर देत होतो. बाबांचा आवाज येत नव्हता. मणी मात्र बोटांतून सरकत होते. शेवटचा क्रूस झाल्यावर आई उठणार, तेवढ्यात मी म्हटलं, "बाबा, टाकीनं झालं नाही. खणल्यानं झालं."

मी सगळं सांगितलं. बाटल्या, थेंब, खालचं पाणी. बाबा ऐकत होते. छापील कागद वाचताना ऐकायचे तसेच.

"मुकादम पुरे म्हणाला होता," ते म्हणाले.

"हो."

"तू म्हणालीस दोन हात."

"हो. पुस्तकात होतं, जाड वाळूतून..."

"ते तू तेव्हा सांगितलंस." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "पाण्यासाठीच म्हणालीस ना?"

आई मध्येच म्हणाली, "जाऊ दे आता, जेवायला वाढते."

"थांब," बाबा म्हणाले. "बोल."

"पाण्यासाठी म्हणाले. आणि थोडं टाकीसाठी. मला वाळू हवी होती."

"थोडं म्हणजे किती?"

या प्रश्नाला मी तयार नव्हते. "दोनातला एक हात," मी म्हटलं. मग म्हटलं, "जास्तच असेल."

बाबा उठले आणि बाहेर गेले. आम्ही जेवलो नाही. आई ताटं वाढून, झाकून, भिंतीला टेकून बसली. मी कधी नव्हे ती पदवी घेतल्याचा पश्चात्ताप करून बघितला, पण तो जमेना. चूक पदवीची नव्हती. चूक माझी होती आणि ती मला पदवीमुळेच सापडली होती. एवढं मला त्याही वेळी कळत होतं.

सकाळी बाबा पायऱ्यांवर बसले होते. ओंजळ घेतली नव्हती. मी जवळ गेले तशी म्हणाले, "आता काय करायचं?"

"पंप बंद. वरचं पाणी कळशीनं काढायचं, तळ ढवळायचा नाही. आणि ते दोन हात चिकणमातीनं बुजवायचे."

"त्यानं थांबेल?"

"माहीत नाही, बाबा. यावर मला पुस्तकात काही सापडलेलं नाही."

त्यांनी मान हलवली. मला वाटतं, त्या उत्तरावर त्यांचा विश्वास बसला.

शेताच्या बांधावरून बैलगाडीनं चिकणमाती आणली. तिचे नारळाएवढे गोळे केले, तळात सोडले, लांब बांबूनं ठेचले. दोन दिवस पाणी गढूळ. मग पहाटे उजाडताना आम्ही तिघं कळश्या घेऊन वेलींच्या रांगांतून फिरायचो. पहिल्यांदा माझ्या हाताला फोड आले. पश्चिमेच्या तीन रांगा गेल्या. बाबांनी त्या स्वतः कापल्या, मला कोयता धरू दिला नाही. बाकीच्या रांगा उभ्या होत्या, पण कधी करपतील सांगता येत नव्हतं. मी दर दोन दिवसांनी बाटली घेऊन शाळेत जात होते. पंप तास-अर्धा तास लावून पाहिला की सव्वीस थेंब, मग चोवीस, मग पुन्हा सव्वीस. टाकी काढ असं बाबा पुन्हा म्हणाले नाहीत. मीही काढली नाही.

मे महिन्याच्या शेवटच्या दिवसांत एका सकाळी पूर्वेच्या बांधापलीकडून बोलण्याचे आवाज आले. बाबांनी कळशी खाली ठेवली आणि ऐकू लागले. तीच चार माणसं, तोच मुकादम.

"खणतोय," बाबा म्हणाले.

काकांनी एप्रिलात आमचं वाढलेलं पाणी पाहिलं होतं. ते खारं का झालं याचं कारण त्यांच्या मते ओसरीवर काचेत ठेवलेलं होतं. आता पावसाआधी त्यांना आपल्या बावखलाचं पाणी वाढवून घ्यायचं होतं. जमिनीखाली बांध नसतो. त्यांनी तो पांढरा थर फोडला आणि वर पंप लावला, तर आमची चिकणमाती, आमच्या कळश्या, उरलेल्या रांगा, सगळं वाया.

"चल," बाबा म्हणाले.

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"मला नीट सांगता येणार नाही. तू चल."

काका काठावर होते. दोन माणसं खाली गाळात उतरलेली. काकांनी आम्हाला पाहिलं आणि आवाज चढवला. "या बाई, या. किती हात जाऊ सांगा. तुमच्या बाबांना दोन सांगितले होते, मी तीन जातो."

खालची माणसं हसली. मुकादम हसला नाही, माझ्याकडे बघत राहिला. त्याला आठवत होतं.

"काका, नका जाऊ," मी म्हटलं. "खाली खारं आहे. आमचं त्यानंच बिघडलं."

"तुमचं त्या टाकीनं बिघडलं. अख्खी आळी म्हणते."

"टाकीनं नाही. खणल्यानं. मीच खणायला सांगितलं होतं." चार परकी माणसं ऐकत होती, बांधावर काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. "यांनी पुरे म्हटलं होतं. मला टाकीसाठी वाळू हवी होती, म्हणून मी आणखी दोन हात म्हणाले. चूक माझी आहे."

काका बाबांकडे वळले. "आणि तू पुन्हा हिचंच ऐकून आलास? तेव्हा खण म्हणाली, आता नको म्हणते. उद्या तिसरं काही म्हणेल."

बाबांना फार बोलायची सवय नव्हती.

"खण म्हणाली तेव्हा तिला त्यातून काहीतरी मिळणार होतं," ते म्हणाले. "आज तिला काय मिळतंय ते तू बघतोयसच."

मला मान वर करवत नव्हती, आणि मी ती वरच ठेवली. काकूंनी बांधावरून विचारलं, "बाय, तुमच्या बाटल्यांत आमचं पाणी कसं निघालं?"

"तुमचं गोड आहे काकू. आठ थेंब. मी न विचारता नेलं होतं."

काकांनी खाली गाळात वाकून पाहिलं. मग मुकादमाला म्हणाले, "गाळ काढा फक्त. पांढरं दिसलं की थांबा." मुकादमानं खाली तसं ओरडून सांगितलं. बाबा माझ्याआधी बांध उतरून आमच्या बाजूला गेले, कळशी उचलली आणि राहिलेल्या रांगेकडे निघाले.